जुना रेडिओ कुणाच्या भरवशावर घ्यावा?

पुणे

चि. सौमित्र,

हौशी रेडिओचं जनरल लायसन्स हातात आल्याचं वाचून आनंद झाला. तुझा प्रश्न एका ओळीचा आहे: हॅमफेस्टमध्ये, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या बाजारात, वापरलेला फ्लेक्स-५००० स्वस्तात मिळतोय, घेऊ का? हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येईल, पण मग पुढच्या सौद्याला तू पुन्हा मलाच विचारशील. म्हणून थोडं सविस्तर लिहितो. सॉफ्टवेअरवर चालणारा ट्रान्सीव्हर जुन्या बाजारात घेताना पेटीच्या आत काय आहे ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवावं, असं माझं मत आहे. ती पेटी संगणकाशी कुठल्या वाटेने बोलते आणि ती भाषा तिच्या कारखान्याबाहेर आणखी कुणाला येते, यावर तिचं उरलेलं आयुष्य ठरतं.

फ्लेक्स-५००० वरच हे तपासून बघ. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या फ्लेक्सरेडिओ कंपनीने तो २००७ च्या सुमारास बाजारात आणला. १६० मीटरपासून ६ मीटरपर्यंतचे बँड, १०० वॉट. अँटेनाकडून आलेला सिग्नल ९० अंशांचा फरक असलेल्या दोन धारांत खाली उतरवायचा, ध्वनीसाठी बनवलेल्या २४ बिटांच्या कन्व्हर्टरने सेकंदाला १,९२,००० पर्यंत नमुने घ्यायचे, आणि फिल्टर, डीमॉड्युलेशन वगैरे सगळं संगणकावर सोपवायचं, अशी त्याची रचना. रिसीव्हर म्हणून तो आजही कमी नाही. त्याचं पॉवरएसडीआर हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली असल्याने कंपनीने लक्ष काढून घेतल्यावरही हौशी मंडळींना ते दुरुस्त करत राहता आलं. म्हणजे या प्रकारात जे सगळ्यात आधी मरेल अशी भीती असते, ते सॉफ्टवेअर टिकलं. मेली ती तार. हा रेडिओ फायरवायरने जोडावा लागतो आणि आजच्या लॅपटॉपला ते भोकच नसतं. डेस्कटॉपमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं कार्ड बसवून काम भागतं; पण ते कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि तो ड्रायव्हर मानणारी विंडोज या तिघांचं एकमेकांशी जमेपर्यंत आवाज तुटत राहतो. रेडिओच्या किमतीत हा एक संगणक धरायलाच हवा, आणि तोही कायमचा त्याच कामाला बांधलेला.

त्याच कंपनीच्या नंतरच्या फ्लेक्स-६३०० ची गोष्ट बरोबर उलटी. जोडणी इथरनेटची, म्हणजे आपल्या हयातीत बंद पडण्याची शक्यता नाही. सॉफ्टवेअर मात्र कंपनीचं, बंदिस्त, आणि मोठ्या आवृत्तीसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. परवाना त्या-त्या रेडिओच्या नावे असतो, म्हणून विकणाऱ्याला ‘कुठल्या आवृत्तीपर्यंतचे पैसे भरले आहेत?’ हे विचारल्याशिवाय दोन ६३०० च्या किमतींची तुलनाच करू नये.

दोन्ही वाटा उघड्या असल्या की काय होतं, ते अ‍ॅनान मालिकेत दिसतं. हे रेडिओ आपल्याकडच्या गुरगावच्या अपाची लॅब्जचे, आणि मूळ आराखडा ओपनएचपीएसडीआर या स्वयंसेवी प्रकल्पाचा. इथरनेटवरून रेडिओ काय बोलतो ते जाहीर असल्याने त्याच पेटीवर विंडोजचं थेटिस चालतं आणि रास्पबेरी पायवरचं पायएचपीएसडीआरही. प्युअरसिग्नल ही सोय तर माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेल्या सिग्नलचा अंश परत घेऊन त्यातली विकृती मोजायची आणि पुढचा सिग्नल आधीच उलट्या दिशेने वाकवून पाठवायचा, म्हणजे शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर कचरा कमी पडतो. ज्या पेटीत फीडबॅक घेण्याची व्यवस्था आहे, तिला हे शहाणपण नुसत्या सॉफ्टवेअरने मिळालं.

यावर तू म्हणशील, मग आयकॉमचा आयसी-७३०० का नको? संगणक त्याच्या पोटातच आहे, बाहेरचा लागत नाही. आक्षेप रास्त आहे, आणि पहिल्या रेडिओसाठी मी त्याला नाही म्हणणार नाही. २०१६ पासून तो इतका खपला आहे की वापरलेला सहज मिळतो. माझ्या कसोटीलाही तो उतरतो: यूएसबीच्या एका तारेवर तो संगणकाला सीरियल पोर्ट आणि साउंड कार्ड म्हणून दिसतो, आणि या दोन गोष्टी जवळपास कुठल्याही संगणकाला ओळखता येतात. मात्र आतलं सॉफ्टवेअर बंदच. कारखान्यातून आला तेव्हा जसा होता तसाच तो बहुतांशी राहणार. जवळ एखादं दणदणीत स्टेशन असेल तर पडद्यावर ओव्हीएफची खूण लागते, म्हणजे कन्व्हर्टर तुडुंब भरला. तेव्हा आरएफ गेन खाली घ्यायचा. रेडिओ बिघडला असं समजायचं नाही.

‘जुने अ‍ॅनालॉग रेडिओही कधीतरी मरतातच की,’ असंही कुणी तुला सांगेल. मरतात, पण सर्किटचा नकाशा आणि सोल्डरिंग गन असली तर केनवुडचा टीएस-५२० आजही उठून बसतो. सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओत मधल्या दाट चिपला घरी हात लावणं कठीण. शिवाय मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे अमरपट्टा नाही हेही खरं. ते जपणारा माणूस थकला तर दुसरा यावा लागतो. फरक एवढाच, की दुसऱ्याला येण्याची परवानगी असते. बंद सॉफ्टवेअरमध्ये तीही नसते.

आता सौद्याचं. नुसते दिवे लागलेले दाखवले तर खूश होऊ नकोस. ५० ओहमचा डमी लोड लावून प्रत्येक बँडवर किती वॉट निघतात ते पाहा. बऱ्याच रेडिओंत बँडनिहाय फिल्टर आणि रिले वेगळे असतात, त्यामुळे ४० मीटरवर ठणठणीत असलेला रेडिओ १० मीटरवर मुका निघू शकतो. ५००० असेल तर दुसऱ्या रिसीव्हरवर त्याचा सिग्नल ऐक. मघाच्या दोन धारांची जुळणी बिघडली असेल, तर सिग्नलची प्रतिमा मध्याच्या पलीकडे उमटते, आणि तू राहतोस त्या देशाच्या नियमांनुसार स्वच्छ सिग्नलची जबाबदारी तुझी, आधीच्या मालकाची नव्हे. ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअरच्या मूळ फाइल्स त्याच्याकडून तिथल्या तिथे पेनड्राइव्हवर घे. नेटवर्कचा रेडिओ असेल तर विक्रेत्याच्या खात्यावरची रेडिओची नोंद तुझ्यासमोर काढून टाकायला लाव. पुढेमागे रेडिओ इकडे भारतात आणायचा विचार असेल, तर इथलं लायसन्स आणि कस्टम्सचे कागद आधी, वस्तू नंतर.

त्या ५००० बरोबर विक्रेता फायरवायर कार्ड बसवलेला, चालता डेस्कटॉप देत असेल आणि दोन्ही मिळून वापरलेल्या ७३०० च्या निम्म्याहून कमी मागत असेल, तर घे. नुसती पेटी विकत असेल, तर नको. ६३०० किंवा अ‍ॅनान दिसला तर आवृत्ती आणि मॉडेल कळव, मग बोलू.

तुझा,
अण्णाकाका