साक्षीला गेलंच पाहिजे

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. नांदेडच्या कोर्टाचं समन्स घेऊन हवालदार लातूरला आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा घरात हेच निघालं. विष्णुपुरीजवळ एका ट्रकनं मोटारसायकलवाल्याला उडवलं होतं, तो जागीच गेला. मी मागच्या गाडीत होतो. त्याला वर्षं लोटली होती. "ना आपला नातलग, ना गाववाला. कशाला त्या भानगडीत पडता?" बायको म्हणाली. मला वाटलं, नातलग नाही म्हणूनच माझ्या शब्दाला तिथं वजन आहे.

भांडण घेऊन जाणाऱ्याला ती म्हण लागू असेल. साक्षीदाराचं कुणाशीच भांडण नसतं. तो पाहिलेलं सांगायला जातो.

चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेड गाठलं. कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीकडचे एक गृहस्थ जवळ येऊन बसले. "काका, मेलेला माणूस काही परत येत नाही. आठवत नाही म्हणा, सुटाल." धमकी नव्हती, आवाजही चढलेला नव्हता. साक्षीदार फितूर होतात ते पैशांनी किंवा भीतीनंच होतात असं नाही. अशा समजुतीच्या बोलण्यानंही होत असावेत.

पुकारा झाला. शपथ घेतली. उलटतपासात वकिलांनी विचारलं, "ट्रकचा वेग किती होता?" मी म्हणालो, "आकडा सांगता येणार नाही. ट्रक उजव्या बाजूला आला, एवढं पाहिलं." ट्रकवाल्याचा राग मनात होता, तरी फुगवून सांगणं मला पाप वाटलं. पिंजऱ्यातल्या माणसाचंही आयुष्य माझ्या शब्दांवर टांगलेलं होतं.

म्हणूनच उशीर दोन्ही बाजूंना मारक ठरतो. नांदेडच्या पाटबंधारेनगरात ६ एप्रिल २००६ रोजी झालेल्या स्फोटाच्या खटल्याचा निकाल ४ जानेवारी २०२५ ला लागला आणि हयात आरोपी निर्दोष सुटले. त्या निकालाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. पण खटला जवळजवळ १९ वर्षं चालला, तर साक्षीदारानं तरी काय काय ध्यानात धरावं? आणि निर्दोष माणसानं तोवर कसं जगावं?

साक्षीदार हजर असताना, सबळ कारण लेखी नोंदवल्याशिवाय, त्याला न तपासता तारीख देऊ नये, असं कायदाच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हा नियम आहे. साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारकडून देववण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयानं ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. तरीही हातावर पोट असलेला माणूस मजुरी बुडवून येतो आणि पुढची तारीख घेऊन परत जातो. दुसऱ्या खेपेला तो आला नाही, तर दोष एकट्या त्याला देता येणार नाही.

न्यायाधीश आणि वकील मंडळींना एकच विनंती आहे: दारात आलेल्या साक्षीदाराला त्याच दिवशी ऐकून घ्या. आणि वाचकहो, समन्स आलं तर टाळू नका. जा, पाहिलं तेवढंच सांगा, जे पाहिलं नाही ते ठामपणे नाही म्हणा. उद्या आपल्या घरावर वेळ आली, तर कुण्या परक्यानंच आपल्यासाठी कोर्टात उभं राहायचं आहे.