कोरी सीडी

लग्न सीडीवर भरून द्यायला मी 2001 साली सुरुवात केली. त्याआधी राजारामपुरीतल्या माझ्या स्टुडिओतून व्हीएचएस कॅसेटी जायच्या. कोल्हापूरच्या पावसात त्या फितीला पांढरी बुरशी धरायची आणि दोन-चार वर्षांत लोक कॅसेट घेऊन परत यायचे, पुसून द्या म्हणून. सीडीला बुरशी धरताना मी पाहिली नव्हती. म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात चकचकीत सीड्या ठेवताना मी छातीठोकपणे सांगायचो, आता जन्मभराची काळजी मिटली. एका सीडीत 700 एमबी, म्हणजे 80 मिनिटं. हळदीची एक, अक्षतांची एक, जेवणं आणि वरात धरून तिसरी.

कोऱ्या सीड्या शंभराच्या डब्यातून यायच्या. लगनसराईत महिन्याला तीन-तीन डबे संपत. व्यापारी नाव सांगायचा, मी भाव विचारायचो. लेन्स घेताना चार दुकानं पालथी घालणारा मी, ज्या वस्तूवर लोकांचं लग्न राहणार होतं ती मात्र डोळे झाकून घेत होतो.

2016 च्या जूनमध्ये कागलकडची एक ताई आली. बारा वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचं शूटिंग मीच केलं होतं. पिशवीतून तिने तीन सीड्या काढल्या, प्रत्येक रुमालात गुंडाळलेली.

"दादा, ही मधली चालंना झालीया. बघा की जरा."

वडील त्याच चैत्रात गेले होते. तिच्या लग्नात मंगलाष्टका त्यांनी स्वतः म्हटल्या होत्या, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. मी सीडी उजेडासमोर धरली. कडेकडेने रंग विटून ठिगळं पडली होती. वरच्या बाजूला वधूवरांची नावं बॉलपेनने लिहिलेली होती, अक्षर माझं. पेनाच्या रेघांमधून उजेड आरपार येत होता. स्टुडिओतली सगळी यंत्रं लावून पाहिली, एकातही ती उघडली नाही. सीडी ठेवून जा म्हटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी ही वस्तू समजून घेतली. हे पंधरा वर्षं आधी करायला हवं होतं. सिनेमाच्या सीड्या कारखान्यात छापून येतात, त्यांच्यात खड्डे उठवलेले असतात. आपण भरतो त्या कोऱ्या सीडीत रंगाचा थर असतो. लेझर तो जागोजागी भाजतो, आणि त्या ठिपक्यांत चित्र नि आवाज साठतो. लुगड्याला पक्का आणि कच्चा रंग असतो तसाच इथेही. हिरवट दिसणारा सायनाइन उजेडाला लवकर विटतो. जवळजवळ पारदर्शक दिसणारा थॅलोसायनिन आणि गडद निळा ॲझो त्यामानाने पक्के. रंगावर चांदीचा पातळ मुलामा आणि त्यावर नुसतं वॉर्निश. सगळे खालची चकचकीत बाजू जपतात, पण नाजूक असते ती वरची, नाव लिहायची. डीव्हीडीत रंग प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून तिची वरची बाजू अधिक सुरक्षित. आणि पाकिटावरचं नाव विकणाऱ्याचं असतं. बनवणाऱ्याची खूण सीडीच्या आतच नोंदलेली असते, संगणकावर वाचता येते. एकाच नावाच्या दोन डब्यांत दोन वेगळ्या कारखान्यांचा माल मला सापडला.

खूण वाचून माल निवडू लागलो तोवर बाजारच आटत चालला होता. 1988 मध्ये पहिली कोरी सीडी बनवणाऱ्या जपानच्या तायो युदेनने 2015 साली हा धंदा सोडला. आपली मोझर बेअर 2018 मध्ये अवसायनात निघाली. मी सोन्याचा मुलामा दिलेल्या डिस्क मुंबईहून मागवल्या. चांदी काळवंडते, सोनं नाही. गुजरीतला कुठलाही सराफ हे सांगेल. देवल क्लबच्या एका मैफलीचं शूटिंग त्या डिस्कवर भरून दिलं, तेव्हा तिथल्या एका वयस्कर श्रोत्याने ती हातात घेतली आणि केसरबाईंची गोष्ट सांगितली. शाहू महाराजांच्या दरबारचे गायक अल्लादियाखाँ. त्यांच्या गाण्याची तबकडी निघाली नाही. पण त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर कोरली गेली आणि 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. दुसरं यान उडालं 5 सप्टेंबरला, केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला. ज्या गळ्याने ती विद्या दिली त्याचा एक सूर आपल्याकडे नाही, हे ऐकताना मला ड्रॉवरमधली ती विटलेली सीडी आठवत होती.

2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 43. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आमच्या घरी कपाटाच्या वरच्या खणापर्यंत पाणी होतं, आणि सगळ्या जुन्या कामांची एकेक प्रत त्याच कपाटात होती. पाणी उतरल्यावर हार्ड डिस्क उघडल्या, आत गाळ. सीड्या आणि डीव्हीडी मात्र मी आणि बायकोने अंगणात घमेली मांडून एकेक स्वच्छ पाण्यात धुतल्या, घासल्या नाहीत, उभ्या करून सावलीत वाळवल्या. बऱ्याच सीड्यांचं वरचं वॉर्निश सोलून निघालं आणि त्याबरोबर सगळंच गेलं. डीव्हीडी बहुतेक वाचल्या. त्यांच्या प्रती काढताना कळलं की विटलेली डिस्क एका यंत्राला दिसत नाही ती दुसऱ्याला दिसू शकते. म्हणून लक्ष्मीपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याच्या भंगारातून मी पाच जुने रायटर उचलून आणले.

चौथ्यात कागलची सीडी फिरली. कितीतरी वेळ घरघरत राहिली आणि मग पडद्यावर अंतरपाट दिसला. एकूण अकरा मिनिटं हाती लागली. त्यात वडिलांच्या दोन मंगलाष्टका पूर्ण होत्या. तिसरीच्या पहिल्या शब्दाला चित्र गोठलं, पुढे काही नाही.

ताईला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी आली. दोन चांगल्या डीव्हीडी भरून ठेवल्या होत्या, नाव मधल्या पारदर्शक कड्यावर मार्करने लिहिलेलं. एक सासरी ठेवा, एक माहेरी, आणि पाच वर्षांनी दोन्ही माझ्याकडे तपासायला आणा, असं सांगितलं. पैसे घेतले नाहीत. तिने ती अकरा मिनिटं तिथेच बसून पाहिली. चित्र गोठलं तिथे ती थोडा वेळ गप्प राहिली.

"तिसरी मला पाठ हाय," ती म्हणाली. "त्यांनीच शिकवलीया."

मी उठून दाराशी गेलो, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून शटर खाली ओढलं आणि माइक तिच्यासमोर ठेवला.