अंगठा उठत नाही

नातेपुते, मंगळवार, 2 डिसेंबर
मराठी आणि विज्ञानाच्या तासिका महिनाभर एकत्र घ्यायच्या ठरल्या. आधी पुरावा शोधायचा, मग त्यावर रहस्यकथा लिहायची. नववीच्या पहिल्या कथा वाचल्या. खून उसाच्या फडात होतो आणि खुनी इन्स्पेक्टरला ‘डोळ्यांवरून’ कळतो. एकानं माउलींची पालखी मुक्कामाला असताना चोरी घडवलीय आणि तपास चोराच्या पावलांवरून! लाखभर वारकऱ्यांच्या पावलांत? हसायचा अधिकार मला नाही म्हणा. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार मी याच वयात पांघरुणात बॅटरी लावून वाचलाय. पण नियम घातला: डोळ्यांवरून कुणालाही धरायचं नाही.

गुरुवार, 4 डिसेंबर
बोटांचे ठसे उचलायला काचेचा ग्लास, रंगाचा मऊ ब्रश, सेलोटेप. काजळीनं नुसते हात काळे झाले. शिसपेन्सिलीची पूड मात्र घामाच्या तेलकट रेघांना छान धरून बसली. शंख-चक्र पोरांना जत्रेतल्या ज्योतिष्यामुळे आधीच ठाऊक. साठ-पासष्ट टक्के बोटांवर शंखच असतो म्हटल्यावर दहा चक्रंवाला एकजण राजासारखा बसला.

जगातलं पहिलं ठसे कार्यालय 1897 साली कोलकात्यात निघालं. ठशांच्या वर्गवारीचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवलं, पद्धतीला नाव मात्र साहेबाचं लागलं, एडवर्ड हेन्रीचं. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, मग ही चोरीच झाली की!”

सोमवार, 8 डिसेंबर
एका मुलीनं विचारलं, “सर, माझ्या आज्जीचा अंगठा रेशनच्या मशीनवर उठत नाही. तिनं चोरी केली तर ती सापडायचीच नाही का?” वर्ग हसला. मला हसू आलं नाही. खुरपं, वीट, चुना, राख यांनी वरची कातडी झिजते आणि रेघा पुसट होतात. त्यांचा आराखडा आतल्या थरात असतो. हाताला विश्रांती मिळाली की रेघा पुन्हा वर येतात. “किती दिवस विश्रांती?” “काही आठवडे.” ती गप्प बसली.

शुक्रवार, 12 डिसेंबर
तिची कथा आली. रेशनच्या गोदामातून गव्हाची पोती गायब. दुकानदार वही पुढं करतो: म्हातारीनं धान्य नेलंय, हा बघा तिचा अंगठा. शाईचा, रेघ न् रेघ ठसठशीत. नात वही उजेडात धरते आणि म्हणते, “एवढा स्पष्ट उठलाय, म्हणजे हा आज्जीचा नव्हं.”

लाल पेन उघडलं होतं, तसंच मिटलं.

तिच्या आजीला वर्गात बोलावलंय, ग्लास धरून दाखवायला. सोमवारी तिची खुरपणी आहे. मंगळवारी येते म्हणाली.