गोळी फुटली, पुढे काय?

यकृतासाठीच्या वनौषधी गोळीची पहिली परीक्षा होते ती काचेच्या नळीत. यंत्रात सहा नळ्यांची जाळीदार बुडाची टोपली असते. प्रत्येक नळीत एकेक गोळी टाकतात आणि ३७ अंश सेल्सियसच्या पाण्यात ती टोपली मिनिटाला साधारण ३० वेळा वरखाली होते. साध्या गोळीने १५ मिनिटांत, पातळ आवरण असलेल्या गोळीने ३० मिनिटांत फुटून जाळीखाली उतरायचं असतं. सुक्या अर्काची गोळी इथे भल्याभल्यांना जेरीस आणते. अर्क हवेतला ओलावा ओढून घेतो, पावसाळ्यात मिश्रण मशीनच्या पंचाला चिकटतं. दाब वाढवावा, तर गोळी पाण्यात वरवर बुळबुळीत होते आणि आतला गाभा कोरडाच राहतो. गोळी बनवणाऱ्याचा हात खरा कळतो तो इथेच.

पण फुटणं म्हणजे विरघळणं नव्हे.

सिलीमरिनचंच पाहा. मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांमधलं हे द्रव्य. नेहमीची मात्रा १४० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. त्यातला मुख्य घटक सिलिबिन पाण्यात जेमतेम विरघळतो. आतड्यातून जेवढा शोषला जातो, तेवढा पोर्टल शिरेतून आधी यकृतातच पोचतो. यकृत त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल नाहीतर सल्फेट जोडतं आणि बराचसा पित्तावाटे पुन्हा आतड्यात सोडून देतं. तिथले जिवाणू ही जोड तोडतात, मग थोडा भाग परत शोषला जातो. म्हणून रक्ताच्या नमुन्यात औषध कमी दिसलं, तरी यकृतात ते पोचलंच नाही असं म्हणता येत नाही. ज्या अवयवाला जपायचं, तोच औषध मोडीत काढतो. या विषयाची सगळी गोम इथे आहे.

विषारी ‘डेथ कॅप’ अळंबी खाल्लेल्या रुग्णाला मात्र गोळीची वाट पाहत बसणं परवडत नाही. युरोपात अशा वेळी सिलिबिनचा पाण्यात विरघळणारा क्षार शिरेतून देतात. उलट, जुनाट हिपॅटायटिस सी झालेल्या रुग्णांना नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत सिलीमरिन तोंडाने देऊन पाहिलं गेलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अमेरिकी चाचणीत औषध आणि लुटूपुटूची गोळी यांत फरक दिसला नाही. मात्रा वाढवली की गुण वाढतो, हा हिशेब इथे लागू पडला नाही.

शोषण वाढवायला मिरी मदतीला येते. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, की हळदीतल्या २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं तर रक्तात पोचणारं कर्क्युमिन सुमारे वीसपट होतं. पिपरिन यकृताचं जोडकाम मंदावतं. मात्र अपस्मारावरच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळीही पिपरिनने वाढते, आणि फेनिटॉइनच्या बाबतीत योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडंच असतं.

तेव्हा डब्यावर ‘अधिक शोषण’ असं लिहिलेलं असेल, तर ते कशाच्या जोरावर, हे विचारा. आणि दुसरं कुठलंही औषध सुरू असेल, तर गोळीचा डबाच सोबत नेऊन आपल्या डॉक्टरांना आणि वैद्यांना, दोघांनाही दाखवा.