पाहुण्यापुढे काय ठेवावे?

मलाजखंडास पाहुणा सहसा दोनच निमित्तांनी येतो. एक तर तांब्याच्या खाणीच्या कामाने, नाही तर मुक्कीच्या द्वाराने कान्हाच्या जंगलात वाघ पाहावयास. तो पुण्यामुंबईचा आप्त असला की आम्हां मराठी घरांत धांदल उडते. पुरणपोळी होते, श्रीखंड होते. आणि घरी नित्य मिळते तेच पाहुणा येथे येऊन जेवतो.

वास्तविक या मातीचे वैभव निराळे आहे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले. हा भात शिजू लागला की सुगंध ओसरीपर्यंत येतो. परंतु हे धान उशिरा तयार होते आणि उताराही थोडा. मागणीच नसेल तर शेतकऱ्याने ते का पेरावे? बैगा व गोंड बंधूंच्या घरी कोदो-कुटकीची पेज असते. कोदो म्हणजे आपला कोद्राच. भर उन्हात तुंब्यातली पेज पोटात गेली की चहाची आठवण राहत नाही. चैत्रात पहाटे वेचून वाळविलेली मोहाची फुले तिळाबरोबर कुटली की त्यांचे लाडू होतात.

मध्यंतरी आम्ही शाळेत 'आमच्या घरचा पाहुणचार' या विषयावर मुलांकडून निबंध लिहवून घेतला. वह्यांतून पनीर, पुऱ्या आणि थंड पेयाच्या बाटल्या आल्या. पेज एकाही वहीत नव्हती. जिच्याकडे ती रोज शिजते, त्या घरच्या मुलाच्याही नाही. विचारले तेव्हा तो खाली पाहून म्हणाला, "सर, वो तो हम लोग खाते हैं। मेहमान को कैसे दें?"

हे उत्तर आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. आपले अन्न दुसऱ्यास देण्याजोगे नाही, असे ज्या मुलास वाटते, त्यास उद्या आपली भाषा आणि आपले घरही तसेच वाटू लागेल.

स्वित्झर्लंडचा फाँद्यू म्हणजे काय? वितळलेल्या चीजमध्ये बुडविलेले पावाचे तुकडे! १९३०च्या दशकात तेथील चीज-संघाने तोच राष्ट्रीय पदार्थ म्हणून मिरविला आणि आज परदेशचे प्रवासी तो मागून खातात. यजमानास त्याची लाज वाटली नाही, एवढेच.

आमच्या घरी आता पाहुण्याच्या वरणाखाली चिन्नोरचा भात असतो आणि पुरणपोळीच्या शेजारी मोहाचा लाडू. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांनी तेथल्या मातीलाही पानात जागा द्यावी, एवढीच वाचकांस विनंती. पोळीचा मान त्याने उणा होत नाही.