सोपाऱ्याचा स्तूप आणि मावशीची मेणबत्ती

मानपाड्याहून सकाळी सात वाजता निघालो. आम्ही, आमच्या पत्नी, मुलगा, मुलगी आणि शेजारचे एक धम्मबंधू अशी पाच जणांची स्वारी होती. तारीख 2 नोव्हेंबर. ऑफिसात एक दिवसाची किरकोळ रजा टाकली होती. सहल म्हणावी तर सहल, पण निघण्याचे कारण दुःखाचे होते.

आमच्या कालकथित मातोश्री ठाण्याच्या बाजारात भाजी विकत. त्यांच्या शेजारी वसईकडची एक ख्रिस्ती बाई केळी घेऊन बसे. लाल चौकड्यांचे लुगडे, डोक्यावर टोपली, आणि बोलणे असे की आम्हा मुलांना निम्मे कळायचे, निम्मे नाही. आम्ही तिला मावशी म्हणायचो. आईला ताप आला की मावशी दोन्ही टोपल्या सांभाळायची आणि संध्याकाळी आईच्या भाजीचे पैसे पदरात बांधून घरी आणून द्यायची. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची आमची फी भरायला आईला पैसे कमी पडले, तेव्हा ते मावशीनेच दिले. कागद नाही, सही नाही.

आई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मावशी आली. तिने तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे स्वतःच्या हाताने मेणबत्ती लावली आणि त्रिसरण-पंचशील संपेपर्यंत हात जोडून राहिली. तुमच्या धर्मात हे चालते का, असे तिला आमच्यापैकी कोणी विचारले नाही. पुढे मावशीही वारली. तिच्या सुनेने निरोप धाडला, “2 नोव्हेंबरला आमच्यात मृतांचा स्मरणदिन असतो. सगळे कबरीवर मेणबत्त्या लावतात. तुम्ही याल का?”

आम्ही हो म्हटले, आणि रविवारी विहारात ही गोष्ट सहज बोललो. तेथे वाद झाला. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, “आज चर्चमध्ये मेणबत्ती, उद्या दर्ग्यात चादर, परवा देवळात नारळ. मग 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचे काय करायचे?” त्यांचा राग खोटा नव्हता. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा आपण घेतली आहे. नवस-सायासात आपली माणसे पुन्हा अडकू नयेत म्हणून या माणसाने आयुष्य वेचले आहे. आम्हाला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. तो प्रश्न बरोबर घेऊनच आम्ही निघालो.

घोडबंदर रस्त्याने गायमुखापर्यंत गाडी रखडतच गेली. खाडीवरचा पूल ओलांडला तेव्हा मुलांचा अर्धा डबा संपला होता. नंदाखालला दुपारनंतर पोहोचायचे होते, म्हणून आधी नालासोपाऱ्याकडे वळलो. सोपारे म्हणजे पाली ग्रंथांतले सुप्पारक, जुन्या काळचे मोठे बंदर. भिक्खू पुण्ण यांचे नाव या भागाशी जोडले जाते. तिकडचे लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील, असे तथागतांनी त्यांना विचारले. मारले तर नाही ना, एवढे तरी ते चांगले आहेत असे समजेन, हे त्यांचे उत्तर सुत्तात आहे.

स्तूपाच्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. आत विटांच्या खोलीत दगडी करंडक निघाला. त्यात एकात एक ठेवलेल्या तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांच्या डब्या, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे आणि आठ लहान ब्राँझमूर्ती होत्या. या वस्तू पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे देण्यात आल्या. आज जागेवर विटांचा उंचवटा आहे, झाडांची सावली आहे आणि शांतता आहे. आम्ही फुले वाहिली, वंदना घेतली आणि तेथेच बसून भाकरी खाल्ली.

सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही मिळाले. आठव्या लेखाचा तुकडा 1882 साली, आणि नवव्याचा जवळच्या भुईगावात 1956 साली. म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी! हे लेख गिरनारसारख्या इतर ठिकाणीही आहेत, त्यामुळे त्यांतला मजकूर आपल्याला कळतो. आठवा लेख प्रवासाविषयी आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या मौजेसाठी बाहेर पडत. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधगयेला गेला आणि पुढे धम्मयात्रा करू लागला. श्रमण-ब्राह्मणांना आणि वृद्धांना भेटणे, दान देणे, खेड्यापाड्यातल्या लोकांशी धम्माबद्दल बोलणे, ही त्याची यात्रा. नववा लेख कर्मकांडांविषयी आहे. आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे असते. दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, जीवांबाबत संयम, दान, हे खरे मंगल.

हे आम्ही मुलांना सांगत होतो. मुलगा दहावीत आहे. त्याने सरळ विचारले, “मग मेणबत्ती हासुद्धा विधीच ना? मावशीआजी आत्मा मानायची. आपण मानत नाही. मग लावायची कोणासाठी?” शेजारचे धम्मबंधू आमच्याकडे पाहू लागले. आमच्या पत्नी डबा पुसता पुसता म्हणाल्या, “ती आपल्या घरी येऊन लावून गेली, ती कोणासाठी होती रे?” मुलगा गप्प झाला. आम्हीही.

ठाण्याहून मृतांच्या आठवणीने इकडे येणारे आम्हीच पहिले नव्हतो. 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस याने त्यांचे देह सोपाऱ्याला आणून पुरले. सातशे वर्षांपूर्वीही आपल्या माणसाच्या देहासाठी ही वाट कोणी तुडवली होती.

नंदाखाल हे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे गाव. हरित वसईच्या लढ्यातले हे धर्मगुरू 2020 च्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. 25 जुलै 2024 रोजी ते वारले. गावात शिरलो तेव्हा दफनभूमीच्या वाटेवर बायाबापड्यांची रीघ लागली होती. कोणी कबर धूत होते, कोणी झेंडूच्या पाकळ्यांनी क्रूस काढत होते. संध्याकाळी मिस्सा झाली ती मराठीत. पूर्वी ती लॅटिनमध्ये होई. 1962 ते 1965 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकांच्या भाषेला वाव मिळाला. धर्म कळायचा तर तो आपल्या बोलीत पाहिजे, हे तथागतांनी फार आधी सांगितले होते, याची आम्हाला आठवण झाली. आम्ही मागे शांत उभे राहिलो. प्रसादासाठी रांग लागली तेव्हा पुढे गेलो नाही. तो त्यांच्या श्रद्धेचा भाग, आपण उगाच हात पुढे करू नये.

मग मावशीच्या कबरीपाशी गेलो. सुनेने मेणबत्त्यांचे पुडके पुढे केले. आम्ही मानपाड्याहून आणलेली मेणबत्ती काढली. विहारासाठी घेतो त्याच दुकानातली. वारा होता, दोनदा विझली. तिसऱ्यांदा मुलाने ओंजळीचा आडोसा धरला तेव्हा लागली. आम्ही काही मागितले नाही. तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली नाही, कारण जे मानत नाही ते तोंडाने म्हणणे मावशीलाही आवडले नसते. मनात एवढेच म्हटले की, तुझ्या पैशाने शिकलो, हे विसरलो नाही.

सून म्हणाली, “सासूबाई सांगायच्या, भाजीवालीचा पोरगा साहेब झाला म्हणून.” साहेब कुठले, कारकून आम्ही. पण डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी विहारात सगळे सांगितले. ज्येष्ठांनी पुरते ऐकून घेतले. त्यांचे मत बदलले नाही. “तुम्हाला फरक कळतो, सगळ्यांना कळेलच असे नाही,” ते म्हणाले. त्यात तथ्य आहे. म्हणूनच घराघरातून आपल्या मुलांना हा फरक समजावून सांगितला पाहिजे. मागण्यासाठी लावलेली ज्योत वेगळी, उपकार स्मरून लावलेली वेगळी.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “त्या स्तूपाला माणशी खर्च किती येतो?” आम्ही सांगितले, गाडी नको, मध्य रेल्वेने दादरला यावे, पश्चिम रेल्वेने नालासोपाऱ्याला उतरावे आणि पश्चिमेकडून रिक्षा करावी. पाणी आणि भाकरी बरोबर घ्यावी, कचरा परत आणावा. विहारातल्या मुलांना न्यायचे ठरले आहे. आमचा मुलगा नवव्या शिलालेखावर पाच मिनिटे बोलणार आहे.