ओरगडममध्ये मी गाडी चालवत नाही

ओरगडममध्ये राहून तुम्ही गाडी चालवत नाही म्हटलं, की लोक तुमच्याकडे दोनदा बघतात. चेन्नईबाहेरचं हे गाव गाड्यांवरच जगतं. रॉयल एनफील्ड, रेनो, भारतबेंझ, सगळ्यांचे कारखाने इथे. माझ्यासारखे पुण्या-नाशिकचे बरेच इंजिनीअर त्यापायीच इथे आलेत. रविवारी बुलेट काढायची आणि मैत्रिणीला घेऊन महाबलीपुरम गाठायचं, ही इथल्या पोरांची ठरलेली रीत. त्यामुळे मला भेटणाऱ्या मुलीचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो: 'गाडी का नाही घेतलीस?'

मला अपस्मार आहे. आपण ज्याला फिट येणं म्हणतो, तो. लायसन्सच्या कागदपत्रांत हा प्रश्न थेट विचारलेला असतो आणि तिथे मी खोटं लिहिणार नाही. बाकी मला बघून तुम्हाला काहीच कळणार नाही. सकाळ-संध्याकाळ गोळी, वेळेवर झोप, रात्रपाळी नाही, दारू नाही. शेवटच्या फिटला दोन वर्षं झाली. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की योग्य उपचार मिळाले तर शंभरातले सत्तर जण फिटविना जगू शकतात.

प्रश्न एवढाच, की सांगायचं कधी? आई म्हणते, 'आधी ओळख तर वाढू दे.' तिची भीती मला कळते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराला वेडाच्या शेजारी बसवलं होतं. त्या कारणावरून लग्न रद्द करून मागता यायचं. १९९९ मध्ये तो शब्द काढला. कायद्यातून गेला, स्थळं सुचवणाऱ्या मावश्यांच्या डोक्यातून अजून जायचाय.

मुलींचं आणखी अवघड. घरचेच लपवायला सांगतात. मग सासरी गोळ्या कपड्यांच्या घडीत दडवायच्या, कुणी समोर असलं की चुकवायच्या. आणि गोळी चुकणं हेच तर फिट येण्याचं मोठं कारण! शिवाय फसवणूक केली म्हणून कोर्टकचेरीची भीती वेगळीच.

पुण्यात यशोदा वाकणकरांचं संवेदना फाउंडेशन अपस्मार असलेल्यांचा आधारगट चालवतं, लग्नं जुळवायलाही मदत करतं. तिथे सांगूनच सुरुवात होते, हे मला फार आवडतं. फक्त आजार जुळला म्हणून माणूस जुळेल, असं मात्र मला वाटत नाही.

मी दुसऱ्या भेटीत सांगतो. पहिल्या भेटीत 'डॉक्टरांनी मनाई केलीय, पुढच्या वेळी सांगतो' एवढंच. कारण तेव्हा समोरच्याला माझं नाव नीट लक्षात राहत नाही, आजार मात्र राहतो. चौथ्या-पाचव्या भेटीपर्यंत थांबलं तर मन गुंतलेलं असतं आणि सांगणं म्हणजे गुन्ह्याची कबुली वाटायला लागतं.

सांगताना रडगाणं नाही. फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर हॉस्पिटल. आपल्याकडे कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, इथे तमिळनाडूत हातात लोखंडी किल्ल्या देतात. दोन्हींचा उपयोग शून्य.

मग मी गप्प बसतो आणि पहिला प्रश्न कोणता येतो ते ऐकतो. एकीने विचारलं, 'मुलांना होईल का?' रास्त प्रश्न आहे. बहुतेकदा होत नाही, पण तो डॉक्टरांसमोर बसून विचारावा. एक जण छान बोलली, कॉफी संपवली, पुन्हा मेसेज केला नाही. तिला मी दोष देत नाही.

आणि मदुराईची एक, इथेच क्वालिटीत काम करते. तिने विचारलं, 'किल्ल्या नकोत, मग हात धरला तर चालेल?'

'चालेल. फक्त दाबून धरायचा नाही.'

आता रविवारी आम्ही बसने सिंगपेरुमल कोइलला जातो आणि तिथून लोकलने शहरात. तिच्या घरी अजून सांगायचंय. ती म्हणते, पोंगल झाल्यावर. मी म्हणतो, आधी.